२४ हजारांत पॅड संपले, टायर गोटा झाले: नव्या एसयूव्हीचं नेमकं काय झिजतं आणि का?

चवथीला साखळीला मावशीकडे गेलो होतो. आरती झाली, पानं वाढायला अजून वेळ होता, तेवढ्यात मावसभावाने हाताला धरून मला अंगणात नेलं आणि गाडीपाशी उभं केलं. मागच्या चवथीच्या तोंडावर घेतलेली सात सीटांची ऑटोमॅटिक एसयूव्ही, २४ हजार किलोमीटर झालेले, आणि सर्विसला दिली तर तिथून फोन आला की मागचे ब्रेक पॅड संपलेत, पुढचेही फार नाहीत, पुढचे दोन्ही टायर आतल्या बाजूने गोटा झालेत, सगळं बदलायला लागेल आणि वॉरंटीत काही येणार नाही. "दादा, माझ्या आधीच्या गाडीचे पॅड मी पन्नास हजारांवर बदलले होते, हे लोक म्हणतात नॉर्मल आहे, हे नॉर्मल कसं असेल?"

मी ऑटोमोबाइलच्या मुलांना शिकवतो त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही, पण गेल्या तीन-चार वर्षांत तो फारच जास्त लोक विचारायला लागलेत, शेजारी, सहकारी, परवा तर बँकेच्या लाइनीत उभ्या एका गृहस्थांनी विचारलं. आणि प्रत्येकाला मिळालेली उत्तरं दोनच. गॅरेजवाला म्हणतो तुमच्या चालवण्यात दोष आहे, गाडीवाला म्हणतो कंपनीने हलका माल घातलाय. माझं म्हणणं असं की दोन्ही उत्तरं गाडी न बघता दिलेली आहेत. झीज किती झाली हे महत्त्वाचं आहेच, पण झीज *कुठे* झाली हे त्याहून महत्त्वाचं, कारण कुठे झिजलं यावरून का झिजलं ते बऱ्यापैकी कळतं, आणि कोणी पैसे भरायचे तेही.

पहिल्यापासून सुरुवात करतो.

ब्रेक म्हणजे गाडी थांबवणारं नाही, उष्णता करणारं यंत्र

चाकाच्या आत लोखंडाची एक थाळी चाकाबरोबर फिरते, ती डिस्क. तिच्या दोन्ही बाजूंना दोन पॅड असतात, आणि त्यांना चिमट्यासारखं दाबणारा भाग म्हणजे कॅलिपर. पेडल दाबलं की पॅड डिस्कला घासतात आणि गाडीच्या वेगातली सगळी ऊर्जा उष्णता होऊन तिथे बाहेर पडते. ऊर्जा नाहीशी होत नाही, ती कुठेतरी जावी लागते आणि ती त्या चार थाळ्यांत जाते.

किती उष्णता ते घरातल्या हिशोबाने बघू. जुनी मारुती ८०० साधारण ६५० किलोची, त्यात चार माणसं आणि सामान धरून ९५० किलो. ती ८० च्या वेगातून थांबवली तर जेवढी उष्णता निघते तेवढ्यात पाऊण लिटरपेक्षा थोडं जास्त पाणी साध्या तापमानावरून उकळेल. आता भावाची गाडी, माणसांसकट २००० किलो धरा. तोच वेग, तोच ब्रेक, आणि उकळणारं पाणी जवळपास पावणेदोन लिटर. एकदा ब्रेक मारला की एवढं. साखळीहून आमोणा, माशेल, बाणस्तारी, जुने गोवे, बांबोळी, झुआरी पूल करत रोज वेर्ण्याला पोचेपर्यंत तो कितीदा ब्रेक मारतो ते तोही मोजू शकणार नाही.

वजन दुप्पट झालं की उष्णता दुप्पट होते. वेगाचं गणित मात्र वेगळं, वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. ६० वरून थांबणं आणि १०० वरून थांबणं यात पावणेतीन पटींपेक्षा जास्त फरक आहे, दीड-पावणेदोन पट नाही. नवीन रस्ते रुंद झाले, गाडीत आवाज येत नाही, १०० चा वेग ७० सारखा वाटतो, आणि पुढे रंबलर दिसला की सगळं ओझं पॅडवर.

शिवाय पॅड हा काही दगड नाही. त्यात धातूची पूड, तंतू, घासणारे कण असं बरंच काही असतं आणि ते सगळं एका रेझिनने, म्हणजे चिकट राळेसारख्या पदार्थाने धरलेलं असतं. साधारण अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे हे रेझिन सैल व्हायला लागतं आणि मग पॅड सावकाश झिजायचा सोडून भराभर जातो. म्हणून शंभर हलके ब्रेक आणि दहा तापलेले ब्रेक यांत पॅडचं जास्त नुकसान दहा तापलेले करू शकतात.

"पण मोठ्या गाडीला ब्रेकही मोठे असतात ना?"

बरोबर. कंपनी २००० किलोच्या गाडीला ८०० चे ब्रेक लावत नाही, डिस्क मोठी असते, पॅड मोठा असतो, बहुतेक वेळा मागेही ड्रमऐवजी डिस्क असते. म्हणून नुसतं "गाडी जड आहे" हे उत्तर पुरत नाही, आणि सर्विस सेंटरवाले तेवढंच सांगून मोकळे होत असतील तर त्यांना पुढचं विचारा. जड गाडीबरोबर आणखी दोन गोष्टी बदलल्या आहेत ज्यांच्याबद्दल फार बोललं जात नाही.

पहिली, गाडी आता स्वतःहून मंदावत नाही. आधीच्या मॅन्युअल डिझेल गाड्या आठवा, अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनच गाडीला मागे ओढायचं, तिसऱ्यात टाकली की ब्रेकची गरजच कमी. याला इंजिन ब्रेकिंग म्हणतात. आताची मध्यम एसयूव्ही म्हणजे एक-दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअर, इंजिन लहान असल्याने त्याची ओढ कमी, आणि गिअरबॉक्स इंधन वाचवायचं म्हणून शक्य तितक्या लवकर वरचा गिअर टाकतो त्यामुळे पाय काढला तरी गाडी घरंगळत राहते. मग जे काम इंजिन फुकटात करायचं ते पॅडला करायला लागतं. इंधन का वाचवायचं, तर २०२२ पासून कंपन्यांवर सरासरी इंधन वापराचे कडक नियम आहेत आणि आपणही शोरूममध्ये पहिला प्रश्न मायलेजचा विचारतो.

दुसरी गोष्ट, उंची. गाडी उंच असली की ब्रेक मारताना नाक जास्त खाली जातं, म्हणजे वजन पुढच्या चाकांवर जास्त ढकललं जातं आणि पुढच्या ब्रेकांवर जास्त काम पडतं. सर्वसाधारण गाडीतही सत्तर टक्क्यांच्या आसपास काम पुढचे ब्रेकच करतात.

"मग माझे मागचे पॅड आधी कसे गेले?"

हा भावाचा दुसरा प्रश्न आणि खरं सांगायचं तर चांगला प्रश्न. पूर्वी मागचे ब्रेक लायनर लाखभर किलोमीटर हातही न लावता चालायचे.

२०१९ च्या एप्रिलपासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या सगळ्या कारना एबीएस सक्तीचं आहे, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊन घसरत नाही. त्याच्याच जोडीने एक व्यवस्था येते जी कुठल्या चाकाला किती ब्रेक द्यायचा ते दरवेळी ठरवते. ही व्यवस्था हलक्या ब्रेकला मागच्या चाकांना आधीपेक्षा जास्त काम देते, कारण त्याने नाक कमी बुडतं, गाडी सपाट थांबते, मागच्या सीटवरच्या आजीला हिसका बसत नाही. आपण रोज मारतो ते ब्रेक बहुतेक हलकेच असतात. आणि मागचे पॅड आकाराने लहान. म्हणजे लहान पॅडला जास्त काम.

त्याशिवाय गाडी आपल्याला न विचारताही ब्रेक मारते. वळणावर गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सरळ करणारी स्थिरता यंत्रणा असते, चिखलात एक चाक नुसतंच फिरायला लागलं की त्याला धरणारी असते, आणि पुढच्या गाडीशी अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल असतो. भाऊ बांबोळीपासून पुढे हा क्रूझ कंट्रोल लावतो, आराम मिळतो म्हणून. आपण चालवताना लांबवर लाल दिवे दिसले की पाय काढून गाडीला सुस्तावू देतो, यंत्राला तेवढं लांबचं दिसत नाही, ते अंतर कमी झालं की ब्रेक लावतं, पुढची गाडी सरकली की पळवतं, परत ब्रेक लावतं. आणि त्यातला प्रत्येक ब्रेक पॅडवरच येतो. "मी तर ब्रेकला पायच लावत नाही" असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो.

ऑटो होल्डबद्दल मात्र उगाच भीती आहे. सिग्नलला उभ्या गाडीला ब्रेकने धरून ठेवण्यात पॅड झिजत नाही, कारण घासणं नाही तर झीजही नाही.

चोर्ला घाट, डी मध्ये

भावाची सासुरवाडी बेळगावची. महिन्यातून दोनदा तरी केरीवरून चोर्ला घाट चढून जातो आणि उतरून येतो. मी विचारलं, उतरताना गिअर कुठल्या मोडमध्ये असतो, तर म्हणाला "डीमध्येच, आणखी कुठे?" डी म्हणजे नेहमीचा ड्राइव्ह मोड, ज्यात गिअर गाडीच ठरवते.

घाटमाथ्यावरून खाली केरीपर्यंत ६०० मीटर उंची उतरतो असं धरू. २००० किलोची गाडी ६०० मीटर खाली आणायची म्हणजे जी ऊर्जा कुठेतरी जायला पाहिजे तिच्यात चाळीस लिटर पाणी उकळेल, न्हाणीघरातल्या मोठ्या भाणावर पाणी तापवायला किती लाकडं जातात ते आठवा. त्यातला काही भाग वारा खातो, काही टायर खातात. उरलेला इंजिनने खायचा की पॅडने खायचा एवढाच निर्णय आपल्या हातात असतो. डीमध्ये पाय ब्रेकवर ठेवून उतरलं की जवळपास सगळा पॅडने खाल्ला. मॅन्युअल मोड, पॅडल शिफ्ट, एल, एस, जे काही तुमच्या गाडीत असेल ते वापरून खालचा गिअर धरला, इंजिनचा आवाज वाढला म्हणून घाबरला नाहीत, तर पॅड निम्मं काम करतात आणि मध्ये मध्ये गार व्हायला वेळही मिळतो. अनमोड घाटालाही हेच.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. पावसात घाटातल्या धबधब्यापाशी लोक गाडी थांबवतात आणि चाकांवर बादलीने पाणी मारतात. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती एकसारखी आकसत नाही आणि नंतर ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. कृपा करून हे करू नका. आणि ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, नवीन डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही पण पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत येऊ शकते. घाटात पेडल अचानक मऊ लागतं त्यामागे बऱ्याचदा हेच कारण. दोन वर्षांनी ऑइल बदला, झीज सोडा, हा जिवाचा विषय आहे.

गोव्याची हवा

मुंबई-पुण्याच्या सल्ल्यांत नसलेला भाग हा. आपल्याकडे वर्षाला साधारण १२० इंच पाऊस, समुद्राची खारी हवा, आणि डिचोली-सत्तरी-सांगेकडे लाल माती, काही पट्ट्यांत तर खनिजाची धूळ. डिस्क साधी लोखंडाची असते, पावसात रात्रभर उभी राहिली तरी सकाळी नारिंगी दिसते. ती वरची गंज दोन-चार ब्रेकांत साफ होते, सकाळी पहिल्यांदा खर्र आवाज येतो तो तिचाच, त्याने घाबरू नका.

खरी अडचण कॅलिपरच्या पिनांची. कॅलिपर दोन पिनांवर मागे-पुढे सरकतो, म्हणून दोन्ही पॅड सारखे दाबले जातात आणि पाय काढला की सारखे सुटतात. या पिना ग्रीसमध्ये असतात, वरून रबराचं बूट. बूट फाटलं किंवा ग्रीस सुकलं की खारी ओल आत जाते आणि पिन जाम. मग पाय काढला तरी एक पॅड डिस्कला टेकूनच राहतो, दिवसभर, जाण्या-येण्याचे ९० किलोमीटर, हलकासा घासत. मायलेज थोडं कमी होतं, ते चाक जरा जास्त तापतं, बाकी ड्रायव्हरला काही कळत नाही. पाटावर सुरी थोडी टेकवून धरून पाट ओढत राहण्यासारखं हे, जोर नाही लावला तरी पाट कापला जाणारच.

तारवटी लोकांच्या गाड्यांचं तर आणखी वेगळं. माणूस सहा-सात महिने जहाजावर, गाडी शेडमध्ये हँडब्रेक लावून उभी. पॅड डिस्कला चिकटतात, डिस्कवर पॅडच्या आकाराचा गंजाचा डाग पडतो, टायर एका जागी चपटे होतात. माणूस परत येतो, गाडी हिसका देऊन सुटते आणि पुढचे हजार किलोमीटर तो गंज पॅडला किसणीसारखा किसत राहतो. सपाट जागेवर गाडी लांबच्या काळासाठी ठेवताना हँडब्रेक न लावता चाकांना अडण लावा, ऑटोमॅटिक असेल तर पीमध्ये, आणि घरच्यांना सांगा आठवड्यातून एकदा तरी चार किलोमीटर फिरवून आणायला.

आता टायर

टायर म्हणजे खोडरबर. रस्त्यावर पकड मिळते ती रबर थोडं थोडं देऊनच. आणि चारही टायर मिळून रस्त्याला जेवढे टेकतात ती जागा चार तळहातांएवढीच, सगळी गाडी त्यावर.

नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. नक्षीच्या खाचांत छोटे उंचवटे असतात, ती १.६ मिलिमीटरची खूण, तिथपर्यंत झिजला की टायर संपला. पण माझं स्पष्ट मत आहे की आपल्या पावसात ३ मिलिमीटरच्या खाली गेलेल्या टायरवर घरच्यांना बसवू नये, कारण ओल्या रस्त्यावर खाचांनी पाणी बाहेर टाकलं नाही तर टायर पाण्यावर तरंगतो आणि मग ब्रेक कितीही चांगले असले तरी काही उपयोग नाही.

कंपनीतून येणाऱ्या टायरबद्दल एक गोष्ट लोकांना माहीत नसते. गाडीबरोबर येणारा टायर हा बाजारातल्या त्याच नावाच्या टायरसारखाच असेल असं नाही. गाडी बनवणारा टायरवाल्याला सांगतो की मला हलका फिरणारा हवा, आवाज कमी करणारा हवा, मायलेज देणारा हवा. त्यासाठी काही वेळा नक्षी थोडी कमी खोल ठेवतात. त्यामुळे पहिला सेट लवकर जातो आणि बाहेरून घेतलेला दुसरा सेट जास्त चालतो असा अनुभव बऱ्याच लोकांना येतो. यात फसवणूक नाही, पण गिऱ्हाइकाला हे कोणी सांगत नाही आणि ते सांगायला पाहिजे असं मला वाटतं. त्यात १८ इंची मोठं अलॉय, पातळ कडेचा रुंद टायर, दिसायला देखणा, पण खड्डा बसला की धक्का टायरने झेलायच्या ऐवजी थेट सस्पेन्शनला, आणि तिथून पुढच्या भानगडी सुरू होतात.

"अलाइनमेंट दर सर्विसला करतो, तरी आतून कसे गेले?"

भावाचा हा तिसरा प्रश्न, थोडा रागाचा. दोन्ही पाय सरळ ठेवून चालणारा माणूस आणि पंजे आत वळवून चालणारा माणूस, दोघांच्या चपला वेगळ्या झिजतात. चाकाचा पंजा आत-बाहेर वळलेला असणं म्हणजे टो, आणि चाक वरून आत-बाहेर कललेलं असणं म्हणजे कॅम्बर. टो एक दशांश अंशाने जरी चुकला, म्हणजे डोळ्याला अजिबात न दिसणारा, तरी टायर दर किलोमीटरला पावणेदोन मीटर आडवा ओढला जातो. दहा हजार किलोमीटरला हे झाले साडेसतरा किलोमीटर. साडेसतरा किलोमीटर टायर डांबरावरून आडवा फरफटला तर काय होईल ते सांगायला नको.

आता अलाइनमेंट सर्विसच्या दिवशी बरोबर केलं आणि चौथ्या दिवशी पर्वरीत पुलाच्या कामापाशी किंवा आमोण्याच्या पुढे पाण्याखालच्या खड्ड्यात चाक आपटलं, की ते गेलं. पुढच्या सर्विसपर्यंत दहा हजार किलोमीटर तसंच. शिवाय बऱ्याच ठिकाणी फक्त पुढच्या चाकांचा टो सेट करतात, कॅम्बर मशीनवर लाल, म्हणजे मर्यादेबाहेर, दिसत असला तरी "याला अॅडजस्टमेंट नाही" म्हणून सोडून देतात. बऱ्याच गाड्यांत खरंच सोय नसते, पण लाल आकडा म्हणजे काहीतरी वाकलंय किंवा बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, गेलंय, ते शोधायला पाहिजे. अलाइनमेंटचा छापील कागद मागून घ्या, आधीचे आणि नंतरचे आकडे दोन्ही असलेला. भावाच्या कागदावर डाव्या पुढच्या चाकाचा कॅम्बर दोन सर्विसपासून लाल होता, आणि कागद गाडीच्या कप्प्यात घडी घालून ठेवलेला.

हवेचं थोडक्यात. किती हवा भरायची ते टायरवर लिहिलेलं नसतं, टायरवरचा आकडा हा कमाल मर्यादेचा असतो. खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर, आणि तिथे दोन आकडे असतात, कमी माणसांचा आणि भरलेल्या गाडीचा. चवथीला सात माणसं आणि डिकीत माटोळीचं सामान घालून गावाला जाताना दुसरा आकडा लागतो. हवा गार टायरमध्ये बघायची. नायट्रोजन भरला म्हणून झीज थांबत नाही, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, फायदा एवढाच की दाब जरा सावकाश उतरतो, आणि तोटा हा की लोक निश्चिंत होऊन चार महिने बघतच नाहीत.

आणि उभ्या गाडीत स्टिअरिंग पिळणं. पणजीत १८ जून रस्त्यावर गाडी लावताना सगळे करतात, जड गाडी, रुंद टायर, एका जागी दळल्यासारखं. गाडी जराशी हलती ठेवून वळवा.

झीज कशी वाचायची

मोबाइलचा टॉर्च घ्या, स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा आणि टायरची आतली कड बघा. बाहेरून टायर नवा दिसतो आणि आतून तारा दिसायला आलेल्या असतात, मी असे कितीतरी बघितलेत. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग चांगला, तर हवा कमी. मधलाच भाग झिजला तर हवा जास्त. एकच कड झिजली तर कॅम्बर किंवा टो. तळहात नक्षीवरून आडवा फिरवला आणि एका दिशेने मऊ, उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो नक्की. जागोजागी खळगे असतील तर शॉकअॅब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग. आणि चारही टायर सगळीकडून सारखेच झिजलेत पण लवकर, तर मात्र वजन, वेग, वळणं आणि टायरचं रबर, म्हणजे कोणाशी भांडून उपयोग नाही. वळणावर ४० ऐवजी ५० ने गेलं की टायरवरचा आडवा जोर दीडपटीहून जास्त होतो, आणि आपले रस्ते म्हणजे वळणंच वळणं.

पॅडचंही तसंच. चारही चाकांचे सारखे गेले तर वापर. एकाच चाकाचा गेला तर कॅलिपर अडकतोय. एकाच चाकात आतला संपला आणि बाहेरचा जाड, तर पिन जाम. पॅड पाचरीसारखा तिरका झिजला तरी पिनच.

सर्विस सेंटरवाले कागदावर टक्के लिहितात, "पॅड ४० टक्के". ४० टक्के कशाचे? पूर्ण जाडीचे की वापरता येणाऱ्या जाडीचे? मिलिमीटर मागा. समजा नवा पॅड ११ चा, ३ ला बदलायचा, म्हणजे हातात ८. दहा हजारांना ९ राहिला तर दोन गेले, अजून तीस हजार चालेल. दहा हजारांना ६ राहिला तर पाच गेले, पुढे सहाच हजार, आणि काहीतरी बिघडलंय हे पहिल्याच सर्विसला कळतं, २४ हजारांना नाही.

वॉरंटी आणि पैसे

पॅड आणि टायर झिजणाऱ्या वस्तू आहेत, त्या गाडीच्या वॉरंटीत धरत नाहीत हे खरंच आहे. टायरची वॉरंटी टायर कंपनीची असते आणि ती बनवण्यातल्या दोषाची, झिजण्याची नाही. पण कॅलिपर ही झिजणारी वस्तू नाही, सस्पेन्शनचा आर्म, म्हणजे चाक धरून ठेवणारा दांडा, तोही नाही. वॉरंटीत असताना पिन किंवा पॅड ढकलणारा पिस्टन जाम झाला आणि त्यामुळे पॅड गेला, तर प्रश्न पॅडचा राहत नाही, कॅलिपरचा होतो. हे तोंडी बोलू नका, ईमेल लिहा, चारही चाकांच्या आतल्या-बाहेरच्या पॅडची जाडी मिलिमीटरमध्ये मागा, जुने पॅड ताब्यात घ्या आणि फोटो काढा. ते दाद देत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

बाहेरच्या मेस्ताकडून पॅड बदलून घ्यायला माझी हरकत नाही, आमच्या फोंड्यातले काही मेस्त सर्विस सेंटरपेक्षा जास्त काळजीने पिना साफ करतात. फक्त पॅड फार स्वस्त घेऊ नका. कडक धातूचा पॅड स्वतः टिकतो आणि डिस्क खातो, आणि डिस्क पॅडपेक्षा महाग.

"इलेक्ट्रिक घेतली तर सुटका होईल?"

ब्रेकपासून बऱ्यापैकी होईल. पाय काढला की मोटरच जनरेटर होते आणि गाडी मंदावत बॅटरी भरते, पॅडला काम उरतं थोडंच. उलट आपल्या हवेत त्या डिस्कना वापराअभावी गंज चढतो, म्हणून मधूनमधून मोकळ्या रस्त्यावर जरा जोराचा ब्रेक मारावा लागतो. टायरपासून मात्र सुटका नाही, बॅटरीमुळे गाडी आणखी जड आणि मोटरची ओढ क्षणात पूर्ण मिळते, ती सगळी रबरातून रस्त्यावर जाते.

आणि हे झिजलेलं जातं कुठे, हाही प्रश्न आहे. पॅडची काळी पूड अलॉयवर दिसते तेवढीच नसते, बाकीची हवेत. टायरचे कण रस्त्याकडेला साठतात आणि पहिल्या पावसात गटारातून ओहोळात, तिथून खाजनात आणि मांडवी-झुआरीत. युरोपने नव्या युरो ७ नियमांत धुराबरोबरच ब्रेकची धूळ आणि टायरची झीज यांनाही मर्यादा घालायचं ठरवलंय. आपल्याकडे अजून यावर फारशी चर्चाच नाही.

भावाच्या गाडीचं काय निघालं

दुसऱ्या दिवशी आम्ही चाकं काढली. मागच्या उजव्या चाकातला आतला पॅड पत्र्यापर्यंत आलेला, बाहेरचा ५ मिलिमीटर. पिनेचं बूट फाटलेलं, आत लाल चिखल. मागचे डावे दोन्ही ६. पुढचे चारही ४ च्या आसपास, एकसारखे. म्हणजे मागचा उजवा पॅड पिनेने खाल्ला, पुढचे चोर्ला घाटाने, आणि टायर त्या लाल आकड्याने, कारण पुढे एका बाजूचा लोअर आर्म किंचित वाकलेला निघाला आणि त्याच्यामुळे टोही गेलेला. तीन वेगळी कारणं, आणि त्याला सांगितलेलं उत्तर एकच, "नॉर्मल आहे".

दोन ईमेल गेले, फोटो गेले, कॅलिपर वॉरंटीत बदलून मिळाला. पॅड, टायर आणि आर्म त्याने स्वतःच्या पैशाने घातले, आर्म खड्ड्याने वाकलेला त्यामुळे तो मागण्यात अर्थ नव्हता. नक्षी मोजायचा छोटा गेज त्याने मागवला आणि गाडीच्या कप्प्यात एक वही ठेवली. दिवाळीच्या आदल्या आयतवारी त्याचा फोटो आला, वहीचं पहिलं पान: मागचा उजवा आतला ९.८, बाहेरचा ९.८, पुढचे टायर आत ७.५, मध्ये ७.५, बाहेर ७.५. खाली लिहिलेलं, "बेळगावला जाऊन आलो, घाट दुसऱ्या गिअरमध्ये."